काट्याखालची पट्टी

१६ जून २००७, शनिवार, सकाळी साडेनऊपासून दुपारपर्यंत. मोजून भरलेलं पेट्रोल एक्केचाळीस पूर्णांक एक दशांश गॅलन. हजर माणसं तीन: विमानाचे मालक आणि ते स्वतःच्या हातांनी बांधणारे डॉ. देवधर, वय बहात्तर, त्यांच्या पत्नी शालिनीकाकू, वय एकोणसत्तर, आणि मी. वजनकाटा माझा होता. ड्रॉइंगप्रमाणे दोन्ही पंखांतल्या टाक्यांत मिळून बेचाळीस गॅलन मावायला हवे होते. उरलेले नऊ दशांश गॅलन कुठे गेले, असं डॉक्टरांनी मला तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं, की ते कुठे गेलेले नाहीत, ते कधी नव्हतेच.

एवढं काटेकोर बोलायची मला सवय आहे आणि घरी त्याबद्दल ऐकूनही घ्यावं लागतं. मी मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत अठरा वर्षं पेट्रोल मोजायची उपकरणं तपासतोय. पाच दिवस मोटारींची, आणि २००१ पासून शनिवारी विमानांची. ही विमानं म्हणजे मोठी प्रवासी विमानं नव्हेत. या देशात माणसाला स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधायची मुभा आहे. पंख्याचं, दोन माणसांचं, एखाद्या मोटारीच्या वजनाहूनही हलकं. सरकारी तपासनीस येऊन पाहून जातो, मग ते उडतं. बांधणारे बहुतेक निवृत्त लोक असतात. रिव्हेट ठोकायला ते पाच-पाच वर्षं लावतात आणि टाकीत किती पेट्रोल आहे हे कळायची सोय शेवटच्या आठवड्यात करतात. त्या शेवटच्या आठवड्यात मला फोन येतो.

काम थोडक्यात असं. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, त्याला जोडलेला काटा समोरच्या पॅनलवर हलतो. जुन्या फ्लश टँकमध्ये असतो तसाच प्रकार आणि अचूकपणाही साधारण तेवढाच. दुसरी सोय म्हणजे मीटर. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोटाच्या पेराएवढी भिंगरी बसवतात. पेट्रोल वाहिलं की ती फिरते आणि तिचे फेरे मोजले जातात. एका गॅलनला किती फेरे, हे प्रत्येक भिंगरीचं थोडं वेगळं असतं. ते शोधून मीटरला सांगणं हे माझं काम. एकदा नीट सांगितलं की ते मीटर शंभर गॅलनमागे एका गॅलनचीही चूक करत नाही. मला त्याचा अभिमान होता. होता असं लिहितोय, त्याचं कारण पुढे येईल.

सुरुवातीचं एक गिऱ्हाईक आठवतं. वॉल्टर नावाचा, डाय म्हणजे लोखंडी साचे बनवणारा निवृत्त कारागीर. त्याच्या मीटरप्रमाणे त्याचं इंजिन तासाला चौदा गॅलन पीत होतं, म्हणजे हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट. त्याने दोनदा इंजिन खोललं होतं. मी नळी हाताने चाचपत गेलो तर इंजिनाला नको असलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी सापडली. भिंगरी बिचारी तिच्यासमोरून गेलेलं सगळं मोजत होती. त्यातलं निम्मं मागच्या दाराने घरी परत येतंय हे तिला कुठून कळणार? मी वॉल्टरला म्हटलं, "मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं दिसतं तेवढंच ते सांगतं." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढची सहा वर्षं मी ते सगळ्यांना ऐकवत असे. स्वतः मात्र नीट ऐकलं नव्हतं.

तर डॉक्टर. आमच्या गावातले मराठी लोक त्यांना डॉक्टरकाका म्हणतात. नागपूरहून सत्तर सालाच्या सुमारास आलेले, भूल देणारे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये विमान काढलं. सात हिवाळे काकूंची गाडी बाहेर बर्फात उभी होती, आणि काकू रोज सकाळी ती खरवडताना गॅरेजच्या दाराकडे पाहून काय म्हणत हे त्यांनी मला सांगितलंय, पण इथे लिहिता येणार नाही. काकूंनी स्वतः एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तीस वर्षं नोकरी केली. विमान २००६ च्या उन्हाळ्यात उडलं. काकू एकदाही त्यात बसल्या नव्हत्या.

मे महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. "विजय, एक लाँग क्रॉस कंट्री करायचीय. पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत, सांता क्लाराला. मुलीकडे."

"एकटे?"

"नाही ना. तोच तर प्रॉब्लेम आहे. ही म्हणते, विजय सगळे आकडे तपासून सही करेल त्या दिवशी बसेन."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या उजव्या डोळ्यात मध्यभागी धूसर व्हायला लागलं होतं. विमान चालवायला लागणारं त्यांचं वैद्यकीय सर्टिफिकेट जुलैअखेर संपत होतं आणि नवं मिळणार नव्हतं. आज विमान चालवण्याएवढं दिसत होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. "हा एकच समर आहे. सात वर्षं मी दोन सीटचं विमान बांधलं रे. एका सीटचं बांधायचं असतं तर पाचच लागली असती."

म्हणून १६ जूनला आम्ही तिघं धावपट्टीच्या कडेला होतो. डॉक्टरांनी काट्याचा तक्ता आधीच केलेला होता: दोन गॅलन ओतले की काटा कुठे, चार ओतले की कुठे. मी तो पाहिला आणि विचारलं, "हे करताना विमान कसं होतं?"

"कसं म्हणजे? उभं होतं."

त्यांच्या विमानाचं छोटं चाक शेपटीखाली आहे. जमिनीवर ते नाक वर करून बसतं, आणि टाकीतलं पेट्रोल मागच्या बाजूला जमा होतं. आकाशात ते सपाट असतं. म्हणजे त्यांचा तक्ता विमान उभं असताना खरा आणि उडताना खोटा. हे मी समजावून सांगत होतो तोच काकू खुर्चीवरून म्हणाल्या, "म्हणजे पेशंटला झोपवून बीपी घ्यायचं आणि उभ्याचं म्हणून लिहायचं."

डॉक्टर हातातला डबा खाली ठेवून म्हणाले, "शालू, सात वर्षांत विमानाबद्दलचं तुझं हे पहिलं वाक्य."

"पहिलं बोलण्यासारखं आज घडलं."

आम्ही शेपटीखाली लाकडी घोड्याचा टेकू लावून विमान सपाट केलं, टाक्या रिकाम्या केल्या आणि दोन-दोन गॅलन वजन करून पुन्हा भरल्या. वजन करून अशासाठी, की पेट्रोल उन्हात फुगतं. मापात जास्त दिसतं, वजनात फसवत नाही. दर वेळी डॉक्टर काटा वाचत आणि काकू वहीत लिहीत. पण काकू दर वेळी उठून स्वतःही काटा बघत. मी म्हटलं, "काकू, काका वाचतायत ना?"

"रक्तपेढीत प्रत्येक पिशवी दोघांनी वाचायची असते. एकमेकांना न विचारता. दोघांचं जुळलं तर पिशवी बाहेर जाते. नाही जुळलं तर जात नाही. मग समोर कोणी कितीही ओरडो."

दुपारी जेवताना प्रवासाचा हिशेब झाला. डॉक्टरांना विमान जोरात पळवायची हौस. ताशी एकशे ऐंशी मैलांनी गेलं तर दहा गॅलन लागतात, म्हणजे गॅलनला अठरा मैल. तेच एकशे साठने गेलं आणि इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल थोडं कमी दिलं, तर तासाला सात पूर्णांक सहा. गॅलनला एकवीस मैल. लांबच्या पल्ल्यात हे तीन मैल म्हणजे एक आख्खा थांबा वाचतो. समोरून जोराचा वारा असेल तर मात्र फार हळू जाऊनही भागत नाही, कारण जितका वेळ हवेत, तितका वेळ वारा मागे ढकलतो.

"एकशे साठनेच जायचं," काकू म्हणाल्या. "आपल्याला कोणाची घाई आहे?" मग माझ्याकडे वळून, "आणि उतरताना शिल्लक किती?"

"नियमाप्रमाणे अर्ध्या तासाचं."

"अर्धा तास? विजय, माझ्या घरी दोघांचा स्वयंपाक कधी दोघांपुरता झालाय का? आल्यागेल्याचं नको?"

मी अर्ध्याचा एक तास केला. आठ गॅलन. वहीत काकूंनी त्या ओळीपुढे 'आल्यागेल्याचे' असं लिहिलं. मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि मी सही केली.

निघण्यापूर्वी मी आणखी एक गोष्ट केली. माझ्या बॅगेत पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी असते. दोन्ही काट्यांखाली मी एकेक तुकडा लावला आणि त्यावर पेनने लिहिलं: 'अंदाजे'. डॉक्टरांना बजावलं, "मीटरवर विश्वास ठेवा. काट्याकडे फार बघू नका, नाहीतर उगाच घाबराल." भूल देणाऱ्या माणसाला मी घाबरू नका म्हणून सांगत होतो. मला वाटलं होतं, मी त्यांची काळजी कमी करतोय.

७ जुलैला, शनिवारी, ते दोघं सकाळी निघाले. पहिला टप्पा आयोवातल्या एका गावापर्यंत. अकराच्या सुमारास काकूंचा फोन आला: सगळं हिशेबाप्रमाणे, मीटर म्हणालं तेवढंच पंपावर भरलं, एका दशांशाचा फरक. मी माझ्या बायकोला, माधुरीला, तो दशांश दोनदा ऐकवला. ती म्हणाली, "त्यांना कसं वाटलं ते विचारलंस का?" ते विचारायचं राहिलं होतं.

दुसरा टप्पा नेब्रास्काच्या पश्चिम टोकापर्यंत, सव्वातीन तासांचा. पुढचं सगळं मला काकूंच्या वहीवरून आणि नंतरच्या बोलण्यावरून कळलं. काकूंनी स्वतःहून दर अर्ध्या तासाला नोंद ठेवली होती. एका रकान्यात मीटरप्रमाणे शिल्लक, दुसऱ्यात काटे बघून तक्त्याप्रमाणे शिल्लक. दुसरा रकाना मी सांगितलेला नव्हता.

अर्ध्या तासाने मीटर सदतीस पूर्णांक तीन, काटे पस्तीस. टाकी जवळजवळ भरलेली असताना गोळा वर टेकतो, त्यामुळे काटा नीट सांगत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एका तासाने मीटर साडेतेहेतीस, काटे एकोणतीस. काकूंनी हेडसेटमधून विचारलं.

"विजयने लिहिलंय ना, अंदाजे," डॉक्टर म्हणाले. "मीटर बघ. मीटर परफेक्ट आहे."

काकूंनी दोन्ही आकडे लिहून ठेवले. दीड तासाने मीटर एकोणतीस पूर्णांक सात, काटे तेवीस. इंजिन एका वेळी एकाच टाकीतून पितं, आणि डॉक्टर टाकी आलटून-पालटून बदलत होते, म्हणून कुठल्या टाकीतून किती गेलं हे काकूंना ठाऊक होतं. डावा काटा मीटरशी जुळत होता. फरक सगळा उजव्या टाकीत होता, आणि तो दर वेळी वाढत होता.

"अहो, खाली उतरा."

"शालू, अजून पावणेदोन तास आहेत. चार तासांचं पेट्रोल आहे. समोर वारा आहे, उतरून पुन्हा चढण्यात उगाच..."

"दोन वाचनं जुळत नाहीत."

"एक वाचन अंदाजे आहे!"

"अंदाजाला चूक करायची असती तर ती इकडेतिकडे झाली असती. ही एकाच बाजूला वाढतेय. मी तीस वर्षांत एक पिशवी जाऊ दिली नाही. ही जाऊ देणार नाही."

डॉक्टर मला नंतर म्हणाले, की त्या क्षणी त्यांना राग आला होता. ज्या प्रवासाचं त्यांनी सात वर्षं स्वप्न पाहिलं, त्यात बायको पहिल्या दिवशी भीतीने खाली उतरा म्हणतेय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून खाली बघत नव्हती, सीट धरून बसली नव्हती. पेन्सिल कानावर ठेवून ती वही बघत होती. "ती घाबरलेलीच नव्हती रे. ती ड्यूटीवर होती." त्यांनी नकाशा काढला आणि अर्ध्या तासाच्या अंतरावरची एक धावपट्टी धरली.

छोटं गाव, मक्याची शेतं, एक पंप आणि एक शेड. दोघं खाली उतरले. उजव्या पंखावर टाकीच्या झाकणापासून मागच्या कडेपर्यंत निळा ओघळ होता. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग घातलेला असतो, तो एवढ्यासाठीच उपयोगी पडतो. आयोवात पेट्रोल भरल्यावर झाकण लावताना आतली रबरी रिंग दुमडून कापली गेली होती. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो आणि सैल झाकणातून पेट्रोल वर खेचलं जातं. दोन तास ते उजव्या टाकीतून बाहेर जात होतं.

पंपावर तेवीस पूर्णांक नऊ गॅलन गेले. मीटरप्रमाणे पंधरा पूर्णांक दोनच जायला हवे होते. फरक आठ पूर्णांक सात.

माझं मीटर बरोबर होतं. इंजिनाने पंधरा पूर्णांक दोनच घेतले होते. झाकणातून जाणारं पेट्रोल भिंगरीसमोरून जात नाही, म्हणून ते मोजलंच गेलं नाही. वॉल्टरला मी शिकवलं होतं ते हेच, फक्त उलट्या बाजूने. टाकीत खरोखर काय उरलंय हे सांगणारी त्या विमानात एकच वस्तू होती, तो काटा. शेपटीखाली घोडा लावून, वजन करून, आम्ही त्याला खरं बोलायला शिकवलं होतं, आणि मग त्याच्या तोंडावर मीच पट्टी लावली होती.

ते उतरले नसते तर काय झालं असतं, हा हिशेब मी अनेकदा केलाय. उगाच भयंकर करून सांगणार नाही. उजवी टाकी साधारण दोन तास चाळीस मिनिटांनी कोरडी पडली असती आणि इंजिन बंद पडलं असतं. डाव्या टाकीत तेव्हा नऊ गॅलन असते. टाकी बदलायची चावी डावीकडे फिरवली असती की इंजिनाने पुन्हा धरलं असतं. पण मीटर सांगत राहिलं असतं की उजव्या टाकीत अकरा गॅलन आहेत. मग डॉक्टरांनी पेट्रोल सोडून इतर सगळं तपासलं असतं, आणि माणसाला चुकीच्या रोगाची औषधं द्यायला वेळ पुरतो तेवढीच उंची त्यांच्याकडे होती.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे. त्या पट्ट्या काढा."

"काढल्या. म्हणजे हिने काढल्या. उजवीकडची वहीत चिकटवलीय."

मग काकूंनी फोन घेतला. मी माफी मागायला लागलो तर त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्यामुळेच तर तक्ता होता माझ्याकडे. पहिलं वाचन तुझं, दुसरं माझं. असंच असतं." तेवढ्यात माधुरीची आठवण झाली आणि मी विचारलं, "काकू, कसं वाटतं वरून?"

"एवढी वर्षं मला वाटायचं, हे त्या गॅरेजमध्ये माझ्यापासून लांब जाऊन बसतात. आज कळलं, दुसरी सीट माझ्या मापाची केलीय. पाठीला उशी नको लागली. माझी उंची कधी मोजली होती कोण जाणे."

तिसऱ्या दिवशी ते सांता क्लाराजवळच्या विमानतळावर उतरले. डोंगर ओलांडताना डॉक्टर विमान चालवत होते आणि काकू दोन्ही रकाने भरत होत्या. सगळी पानं जुळली. त्यानंतर डॉक्टर उडले नाहीत. परत येताना ते साध्या तिकिटाने आले. या वसंतात त्यांनी विमान तिकडच्याच एका शाळाशिक्षिकेला विकलं. तिला त्यांनी झाकणाच्या चार जादा रिंगा दिल्या आणि वहीच्या प्रती दिल्या. यंदा पेट्रोल एवढं महागलंय की सगळे मला फक्त गॅलनला मैल किती हे विचारतात. मी ते सांगतो. पण चिकटपट्टी बॅगेतून काढून टाकलीय, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला दोन रकान्यांचा कागद देतो. दुसरा रकाना शेजारी बसणाऱ्याने भरायचा, पहिल्याला न विचारता.

डॉक्टरांनी माझ्या फीचा साठ डॉलरचा चेक दिला होता, तो मी वटवला नाही. काकूंनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, की काम अर्धंच झालं होतं. त्यांनी वाद घातला नाही. त्यांना हिशेब कळतो.

त्यांच्या वहीच्या प्रतीत नेब्रास्काच्या पानावर ती पट्टी उमटली आहे, 'अंदाजे' स्पष्ट वाचता येतं. तिच्याखाली पंपाचे नव्व्याण्णव डॉलर एकोणीस सेंट लिहिलेत. त्याखाली रिंगेची नोंद आहे. शेडमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने ती आपल्या खणातून शोधून, ग्रीस लावून, स्वतः बसवून दिली होती आणि पैसे घ्यायला साफ नाही म्हटलं होतं. काकूंनी प्रवासासाठी दशम्या केल्या होत्या. अर्थात दोघांना लागतील त्यापेक्षा जास्त. नोंद त्यांच्या अक्षरात आहे, तशीच देतो:

'रबरी रिंग, एक. पैसे घेतले नाहीत. दशम्या चार आणि लिंबाचं लोणचं, पंपावरच्या आजोबांना दिलं. आल्यागेल्याच्यातून.'